पीप वाजला, पण नोंद झाली का?

या महिन्याच्या टपालात हातातल्या बारकोड स्कॅनरबद्दलची पत्रं इतकी निघाली की बिलिंग आणि बॅकअपच्या प्रश्नांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. यंत्र नवं, अ‍ॅप नवं आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही, अशी बहुतेकांची तक्रार आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

ताई, नमस्कार. आमची औषधांची घाऊक एजन्सी आहे. आवक-जावक नोंदवायला भाच्यानं अँड्रॉइड अ‍ॅप करून दिलं आणि आम्ही ब्लूटूथ स्कॅनर घेतला. पीप दर वेळी वाजतो, पण कधी कोड 'शेरा' रकान्यात जाऊन बसतो, कधी एका खोक्याच्या दोन नोंदी होतात, तर कधी भरत आणलेला फॉर्मच कोरा होतो. विकणारा म्हणतो अ‍ॅप खराब, भाचा म्हणतो स्कॅनर खराब. शिवाय कोडमधून बॅच आणि एक्सपायरी आपोआप घेता येईल का? — औषध विक्रेते, सांगली

दोघांचंही ऐकू नका. स्कॅनर धड आहे आणि अ‍ॅपही बहुधा धड आहे. दोघांनी एकमेकांशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं, हे मात्र कोणी ठरवलेलं दिसत नाही.

खोक्यातून काढलेला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा 'एचआयडी' पद्धतीत असतो. फोनला तो स्कॅनर म्हणून दिसतच नाही, कीबोर्ड म्हणून दिसतो. कोड वाचला की आकडे भराभर टाइप होतात आणि शेवटी एंटर दाबला जातो. स्क्रीनकडे न बघता टाइप करणाऱ्या कारकुनासारखा कारभार: कर्सर जिथे, तिथे मजकूर. माल उतरवणाऱ्या मुलाचा अंगठा चुकून शेऱ्याच्या रकान्याला लागला असेल, तर पुढचा कोड शेऱ्यातच जाणार. 'कुठल्याही अ‍ॅपला चालतो' असं दुकानात सांगतात ते या पद्धतीच्या जोरावर, आणि ते खोटं नाही. फक्त चालणं आणि विश्वासानं चालणं यात फरक आहे.

भाच्याला सांगा की कोड रकान्यात घेऊच नकोस. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कळ रकान्यापर्यंत पोचण्याआधी त्या स्क्रीनच्या 'डिस्पॅच की इव्हेंट' या फंक्शनमधून जाते आणि ती कोणत्या उपकरणाकडून आली हेही तिथे विचारता येतं. स्कॅनरच्या कळा तिथेच अडवायच्या, एंटर येईपर्यंत साठवायच्या आणि मग पूर्ण कोड एकदम अ‍ॅपच्या हवाली करायचा. कर्सर कुठेही असो, काही बिघडत नाही.

दोन नोंदींचं कारण बहुधा कोडच्या शेपटीत आहे. कोड संपल्यावर स्कॅनरनं काय पाठवायचं हे बदलता येतं: काहीच नाही, टॅब, नुसता कॅरेज रिटर्न (एंटरचं चिन्ह), किंवा कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड (नव्या ओळीचं चिन्ह) दोन्ही. शेवटचा पर्याय लागलेला असला की फोनला दोनदा एंटर मिळू शकतो, आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये एंटर म्हणजे 'जतन करा'. स्कॅनरबरोबर आलेल्या पुस्तिकेत 'सफिक्स'च्या पानावर बारीक बारकोड छापलेले असतात. त्यातला नुसत्या कॅरेज रिटर्नचा कोड स्कॅनरनं वाचा. (ती पुस्तिका रद्दीत गेली असेल तर आधी कंपनीच्या साइटवरून उतरवून छापून घ्या. आणि छापल्यावर कपाटात ठेवा. टेबलावर पडली की कोणीतरी गंमत म्हणून त्यातले कोड स्कॅन करतं आणि सगळी मांडणी बदलून बसते.) भाचा म्हणेल, 'लागोपाठ तोच कोड आला तर मी गाळतो.' गाळू देऊ नका. एकाच औषधाची दहा खोकी तुमच्याकडे एकामागून एक उतरतात. तो उपाय केलात तर दहाची एक होईल आणि ते महिनाअखेरीपर्यंत कळणारही नाही.

कोऱ्या फॉर्मचं कोडं जरा वेगळं आहे. बॅटरी वाचवायला स्कॅनर काही मिनिटांनी झोपतो. ट्रिगर दाबून जागा केला की फोनच्या दृष्टीनं नवा कीबोर्ड जोडला गेला. अशा वेळी अँड्रॉइड चालू स्क्रीन मोडून पुन्हा उभारतो, फोन आडवा केल्यावर उभारतो तसाच. अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अँड्रॉइडला माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, त्या स्क्रीनपुढे 'कॉन्फिग चेंजेस'मध्ये कीबोर्ड, कीबोर्ड हिडन आणि नॅव्हिगेशन हे तीन शब्द लिहिले की मोडतोड थांबते. त्याहून पक्कं काम म्हणजे अर्धवट फॉर्म स्क्रीनमध्ये न ठेवता व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीन मोडली तरी टिकणाऱ्या जागेत) किंवा फोनमधल्या डेटाबेसमध्ये ठेवणं. मी असते तर दोन्ही केलं असतं.

आता त्या पीपबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. स्कॅनरचा पीप म्हणजे 'मी रेघा वाचल्या' एवढंच. अ‍ॅपला कोड मिळाला का, तो यादीत सापडला का, नोंद झाली का, यातलं काहीही त्या पीपला माहीत नसतं. पण माल मोजणारा माणूस पीप ऐकतो आणि पुढच्या खोक्याकडे वळतो. स्क्रीनकडे बघायला त्याचे हात आणि डोळे मोकळे कुठे आहेत? म्हणून अ‍ॅपला स्वतःचा आवाज हवा. नोंद झाली की एक छोटा सूर, आणि कोड अनोळखी असला तर लांब, कर्कश आवाज आणि फोनची थरथर. स्कॅनरचा स्वतःचा पीप अगदी हळू करून टाका. शक्य असेल तर बंदच करा.

बॅच आणि एक्सपायरीचं उत्तर 'हो, पण' असं आहे. साध्या तेरा आकडी कोडमध्ये फक्त वस्तूची ओळख असते, बॅच नसते. मोठ्या खोक्यावरच्या लांब जीएस१-१२८ कोडमध्ये (जीएस१ ही बारकोडचे नियम ठरवणारी संस्था) किंवा ठिपक्यांच्या चौकोनी डेटामॅट्रिक्समध्ये ती असू शकते. तिथे प्रत्येक माहितीआधी एक खूण असते: ०१ म्हणजे चौदा आकडी वस्तू क्रमांक, १७ म्हणजे एक्सपायरी, १० म्हणजे बॅच, २१ म्हणजे सिरियल. वस्तू क्रमांक आणि तारीख यांची लांबी ठरलेली असते. बॅच आणि सिरियल वीस अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकतात, म्हणून त्यांच्यानंतर आणखी काही यायचं असेल तर मध्ये एक अदृश्य चिन्ह येतं, आस्की २९, म्हणजे ग्रुप सेपरेटर. कीबोर्डावर या चिन्हाची कळच नाही. त्यामुळे एचआयडी पद्धतीत ते बऱ्याचदा वाटेतच गळतं. बॅच 'एबी१२' आणि सिरियल '५५६७' असेल, तर मधलं चिन्ह गळाल्यावर अ‍ॅपला 'एबी१२२१५५६७' अशी एकच लांबलचक बॅच दिसते. चूक म्हणून काहीच उमटत नाही, नुसती भलती बॅच नोंदली जाते. औषधाच्या धंद्यात, उद्या कंपनीनं एखादी बॅच परत मागवली, तर ती तुमच्या यादीत सापडणारच नाही.

म्हणून तुमच्या कामासाठी माझा स्पष्ट सल्ला: स्कॅनर एचआयडीमधून काढून 'एसपीपी' पद्धतीत टाका. त्यासाठीचा कोडही पुस्तिकेत असतो. मग स्कॅनर कीबोर्डचं सोंग टाकून अ‍ॅपशी थेट सिरियल जोडणीनं बोलतो आणि अदृश्य चिन्हंही जशीच्या तशी येतात. भाच्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. अँड्रॉइड १२ पासून जोडणीसाठी ब्लूटूथची वेगळी परवानगी अ‍ॅप चालू असताना मागावी लागते. आणि सिरियलवर मजकूर तुकड्यातुकड्यानं येतो, त्यामुळे एकदा वाचलं म्हणजे पूर्ण कोड मिळाला असं धरायचं नाही. शेवटचं चिन्ह येईपर्यंत जोडत राहायचं. काही स्कॅनर या पद्धतीत अ‍ॅपकडून उलट हुकूमही घेतात: लाल दिवा लाव, दोनदा वाज. तशी सोय असेल तर मघाचा पीपचा प्रश्न मुळातच सुटतो.

तारखेत एक खाच आहे. २७०५०० असं आलं तर घाबरू नका. वर्ष, महिना, दिवस असा तो क्रम आहे आणि दिवसाच्या जागी ०० म्हणजे त्या महिन्याचा शेवटचा दिवस. इथे ३१ मे २०२७. तारीख वाचणारं तयार फंक्शन शून्य दिवस बघून एकतर अडतं, नाहीतर आदल्या महिन्याची ३० तारीख देतं.

१ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ठरावीक ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे, तो निराळा विषय. औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक असं त्यात असायला हवं. पण प्रत्येक कंपनीचा मजकूर एकाच रचनेत येईल असं गृहीत धरून प्रोग्रॅम लिहू नका. तुमच्याकडे नेहमी येणाऱ्या कंपन्यांची एकेक स्ट्रिप घेऊन आधी नुसता कच्चा मजकूर वाचून पाहा.

आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये एसपीपीनं स्कॅनर उत्तम चालतो. आता विक्री प्रतिनिधींना आयफोन दिले, तर तोच स्कॅनर अ‍ॅपला दिसतच नाही. — अ‍ॅप डेव्हलपर, ठाणे

दिसणारही नाही. आयफोनवर कोणत्याही उपकरणाशी मोकळेपणानं सिरियल जोडणी करू दिली जात नाही. उपकरण अ‍ॅपलच्या एमएफआय कार्यक्रमातलं, म्हणजे आयफोनशी जोडायला मान्यता मिळालेलं हवं. तसं असलं तरी त्याच्या प्रोटोकॉलचं नाव तुमच्या इन्फो पीलिस्ट या माहितीच्या फाइलमध्ये लिहावं लागतं आणि स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीनं तुमचं अ‍ॅप अ‍ॅपलकडे आपल्या उपकरणाशी जोडून द्यावं लागतं. हा पत्रव्यवहार अ‍ॅप स्टोअरवर पाठवायच्या आदल्या दिवशी आठवला तर उपयोग नाही, आजच सुरू करा.

दुसरी वाट म्हणजे ब्लूटूथ लो एनर्जी. त्यात एमएफआयची अट नाही, पण स्कॅनर त्या पद्धतीचा हवा आणि कंपनीनं आयओएससाठी, म्हणजे आयफोनच्या प्रणालीसाठी, तयार प्रोग्रॅमची लायब्ररी दिलेली हवी. तिसरी वाट आपली जुनी एचआयडी. त्यात स्कॅनर जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो आणि प्रतिनिधीला ग्राहकाचं नाव टाइप करता येत नाही. बऱ्याच स्कॅनरवर एखादी कळ दाबून कीबोर्ड वर-खाली करता येतो, तेवढं प्रतिनिधींना शिकवा. यापुढे स्कॅनर घेताना 'आयफोनला चालतो का' असं विचारू नका, 'कोणत्या पद्धतीनं चालतो' असं विचारा.

आमचं तालुक्याचं वाचनालय आहे. पुस्तकांची देवघेव मोबाइल अ‍ॅपवर आणायची आहे. स्कॅनर घ्यावा की फोनचा कॅमेरा पुरे? आणि पुस्तकामागचा छापील बारकोडच वापरावा का? — ग्रंथपाल, जि. रत्नागिरी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. छापील बारकोड म्हणजे आयएसबीएन, आणि तो आवृत्तीचा असतो, प्रतीचा नाही. एकाच कादंबरीच्या तुमच्याकडे चार प्रती असतील तर चारींवर तोच कोड. कोणती प्रत कोणी नेली हे त्यावरून कसं कळणार? शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोड नाहीच आणि पुष्कळांवर आयएसबीएनही नाही. तुमच्या दाखल नोंदवहीतला दाखल क्रमांक हाच खरा आधार. त्याचे बारकोड छापून चिकटवा. नुसते आकडे असतील तर कोड १२८ मध्ये लेबल आटोपशीर होतं. आयएसबीएन फक्त नवीन पुस्तक दाखल करताना माहिती भरण्यापुरता वापरा.

रोजच्या देवघेवीला कॅमेरा पुरेसा आहे. गूगलची एमएल किट लायब्ररी अँड्रॉइडवर फुकट मिळते आणि नेट नसतानाही कोड वाचते. कोकणातल्या पावसाळ्यात याचं मोल तुम्हाला सांगायला नको. मात्र वार्षिक पुस्तकगणतीला कॅमेऱ्याच्या भरवशावर बसू नका. कपाटातल्या पुस्तकांपुढे फोन धरून, फोकस जुळेपर्यंत थांबून मनगट भरून येतं आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. त्यासाठी एक स्कॅनर घ्या, आणि तो स्वतःच्या मेमरीत कोड साठवणारा घ्या. फोन टेबलावर ठेवून कपाटं फिरायची आणि एकेका कपाटाचे क्रमांक परत येऊन अ‍ॅपमध्ये ओतायचे.

स्वस्तातला लेसर स्कॅनर फक्त रेघांचे कोड वाचतो. क्यूआर वाचत नाही, आणि सभासदानं मोबाइलवर ओळखपत्र दाखवलं तर चमकत्या पडद्यावरूनही वाचत नाही. पुढे डिजिटल कार्डं द्यायचा विचार असेल तर टूडी इमेजर, म्हणजे कॅमेऱ्यासारखं चित्र घेऊन वाचणारा, पाहा.

मी जर्मनीत एका गोदामासाठी अ‍ॅप करतोय. स्कॅनर झेडच्या जागी वाय देतो, वायच्या जागी झेड, आणि आडव्या रेघेच्या जागी भलतंच जर्मन अक्षर. आकडे बरोबर. स्कॅनर बदलू का? — एक वाचक, श्टुटगार्ट

बदलू नका. स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. त्याच्या हिशोबात अमेरिकन कीबोर्ड आहे आणि तुमच्या फोनच्या हिशोबात जर्मन. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, आणि अमेरिकन आडव्या रेघेच्या जागी तिथलं 'एसत्सेट' बसतं. पुस्तिकेतला जर्मन कीबोर्डचा कोड स्कॅनरनं वाचा, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये त्या 'कीबोर्ड'ची मांडणी अमेरिकन करा. दोन्ही एकदम करू नका, पुन्हा तिथेच याल.

भिवंडीच्या गोदामात आम्हाला स्कॅनर आत बसवलेली अँड्रॉइड यंत्रं दिली आहेत. त्यांतही हा कीबोर्डाचा घोळ आहे का? — गोदाम व्यवस्थापक

आहे, पण टाळणं सोपं. झेब्रा या कंपनीच्या यंत्रांत डेटावेज नावाचं अ‍ॅप आधीपासून असतं. त्यात तुमच्या अ‍ॅपच्या नावानं प्रोफाइल करा, कीस्ट्रोक आउटपुट बंद करा आणि इंटेंट (अँड्रॉइडमधला आतला निरोप) आउटपुट चालू करा. कोड रकान्यात न पडता थेट प्रोग्रॅमच्या हाती येतो. सोबत तो कोणत्या प्रकारचा आहे हेही येतं, त्यामुळे चुकून पत्त्याच्या लेबलावरचा क्यूआर वाचला गेला तर अ‍ॅप तो नाकारू शकतं. तुमच्या प्रोग्रॅमरला इंटेंटमधल्या नावांत 'सिंबॉल' दिसेल. जुनं उदाहरण उतरवलंय असं समजून त्यानं ते बदलू नये. सिंबॉल कंपनी आधी मोटोरोलाकडे आणि २०१४ मध्ये झेब्राकडे गेली, नावं तीच राहिली. हनीवेलच्या यंत्रांतही इंटेंटची अशीच सोय आहे, फक्त नावं वेगळी. दोन्ही कंपन्यांची यंत्रं असतील तर कोड स्वीकारण्याचा भाग एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सांगा.

प्रोफाइल एका यंत्रावर नीट बसलं की ते एक्स्पोर्ट करून बाकीच्यांवर टाका. प्रत्येक यंत्र हातानं लावत बसलात तर एखादं राहतंच, आणि ते नेमकं रात्रपाळीच्या हाती येतं.

मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. किराणा दुकानासाठी स्कॅनरचं अ‍ॅप केलं. फोन इंग्रजीत असताना सगळं चालतं, हिंदीतही चालतं. दुकानदार काकांनी फोनची भाषा मराठी केली की एकही वस्तू सापडत नाही. प्रोग्रॅम कोटलिन भाषेत आहे. डेटाबेसमध्ये बारकोड नंबर म्हणून ठेवलाय आणि शोधताना फॉरमॅटनं तेरा आकडी करून घेतो. — विद्यार्थी, कराड

तुझं पत्र वाचून मी खूश झाले. हिंदीतही तपासून पाहिलंस, त्यामुळे चोर लगेच सापडला. फॉरमॅट फंक्शनला भाषा सांगितली नाही तर ते फोनची भाषा घेतं. मराठीसाठी ठरलेले आकडे देवनागरी आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी. त्यामुळे काकांच्या फोनवर तुझा तेरा आकडी कोड चक्क देवनागरी आकड्यांत तयार होतो आणि यादीतल्या इंग्रजी आकड्यांशी जुळत नाही. तू 'सगळे आकडेच आहेत ना' अशी तपासणी 'इज डिजिट'नं केली असशील तर तीही पास होते, कारण देवनागरी आकडा हाही आकडाच.

फॉरमॅटला 'लोकेल रूट' दिलंस की आजचा प्रश्न मिटेल. पण मुळात तुला तेरा आकडी करावं का लागलं, ते बघ. बारकोड नंबर म्हणून ठेवलास म्हणून डावीकडची शून्यं गळाली आणि ती परत चिकटवायला फॉरमॅट आलं. बारकोडची आपण बेरीज-वजाबाकी करत नाही. तो मजकूर म्हणून ठेव.

शून्याचा आणखी एक घोळ पुढे भेटेल, तो आत्ताच सांगते. अमेरिकन मालावर बारा आकडी यूपीसी असतो. दुकानातल्या बारकोडाची सुरुवातच त्या कोडपासून झाली: २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट वाचलं गेलं, ते यूपीसीवरून. आपला तेरा आकडी ईएएन नंतर आला, आणि यूपीसीपुढे शून्य लावलं की तोच ईएएन होतो. काही स्कॅनर ते शून्य लावून पाठवतात, काही लावत नाहीत. काकांच्या दुकानात परदेशी चॉकलेटं असतील तर तीच वस्तू दोनदा दाखल होईल. कोड आत येतानाच बारा आकडी असेल तर पुढे शून्य लाव, आणि ते 'पॅडस्टार्ट'नं लाव. त्याला फोनच्या भाषेशी देणंघेणं नसतं.

शेवटचा आकडा तपासायलाही विसरू नकोस. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचं, बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तो तेरावा आकडा. ८९०१२३४५६७८९ ची बेरीज १३० येते, म्हणजे शेवटी ०. स्कॅनर हे स्वतः तपासतो, पण काका कधीतरी फाटलेल्या पाकिटावरचा कोड हातानं टाइप करणारच. आणि ८९० बघून वस्तू भारतात बनली असं अ‍ॅपमध्ये दाखवू नकोस. तो क्रमांक जीएस१ इंडियाकडून घेतलाय, एवढंच त्यावरून कळतं. माल कुठे बनला ते पाकिटावर वाचायचं.

दुरुस्ती केल्यावर फोन मराठीत ठेवूनच तपास. आणि दुकानात आधीच दाखल झालेल्या यादीतले कोड एकदा मजकुरात बदलून घ्यायचं काम राहतंय, ते काकांच्या दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी बॅकअप घेऊन कर.